पहिली मोगरी

त्या साली वाडीखालचं तळं इतकं आटलं, की बेडकांनी आपसांत पाळ्या लावून घेतल्या. निम्मे पाण्यात, निम्मे काठावर, ऊन कललं की अदलाबदल. कोणी म्हणेल ही थाप आहे. असेल. पण घायपाताची पानं त्या पाण्यात कुजत नव्हती, ही काही थाप नव्हे. रुसून आलेल्या पाहुण्यासारखी ती चिखलात पडून राहायची आणि रोज थोडी जास्तच ताठ व्हायची.

वाडी दोर वळणाऱ्यांची. एकच गल्ली, दोन्ही बाजूंना एकमेकांना खेटून घरं, प्रत्येक दारासमोर एक सपाट दगड आणि दगडावर एक लाकडी मोगरी. पान नीट कुजलेलं असलं तर मोगरीच्या चार टोल्यांत गर सुटतो, दोराचा पांढरा धागा, म्हणजे वाख, हाती येतो. न कुजलेल्या पानावर मात्र कुटत बसावं लागतं, आणि त्याचा रस अंगावर उडाला की अशी खाज सुटते, की माणूस कातडी काढून खुंटीला टांगावी म्हणतो. त्या उन्हाळ्यात सगळ्या वाडीचे हात कोपरापर्यंत लाल होते. बोलणं कमी झालं होतं. जे होतं ते खाजवता खाजवता.

थोरलीने पहाटेपासून कुटलेला वाख झटकला आणि पाठ सरळ केली. थोरली म्हणजे भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या दोन भावांपैकी मोठ्याची बायको. तिला मूलबाळ नव्हतं. नवऱ्याला सगळी वाडी दादा म्हणायची, म्हणून तीही म्हणायची. दादा दोर वळत गल्लीतून मागे मागे सरकत होता. दोर वळणारा जन्मभर उलटाच चालतो. कुठून आलो ते त्याला स्पष्ट दिसतं, कुठे चाललोय ते पाठीला ठाऊक.

गल्लीच्या टोकाला चाक फिरवायला भिंगरी बसली होती. धाकट्या दिराची पोर, वय नऊ-दहा. दोन्ही भावांच्या दोराला तीच पीळ द्यायची. चाक असं गरगरवायची की भिंगरी हे नाव तिला आपोआप चिकटलं. आज मात्र ती डाव्या हाताने फिरवत होती. उजवा हात पोटाशी धरलेला, दुसऱ्या कुणाचा सांभाळायला घेतल्यासारखा.

"काय झालं गं हाताला?" थोरलीने विचारलं.

"पडले, काकू."

"कुठं?"

"घरात."

"तुमच्या घरात पडायला जागा तरी आहे का?"

भिंगरी हसली नाही. एरवी काकूच्या बोलण्यावर ती कुठूनही हसायची. चाकाची गती मंदावली तसा दादा तिकडून ओरडला, "पीळ सैल पडतोय! बायकांनो, गप्पा मग मारा."

थोरली परत दगडाशी बसली. कुठे पडली, कशी पडली, हे तिला विचारायची गरज नव्हती. आदल्या संध्याकाळी पहिली मोगरी तिनेच उचलली होती.

हे जरा नीट सांगायला हवं, कारण अशी रीत दुसऱ्या कुठल्या वाडीत नसेल. फार वर्षांपूर्वी एक नवी सून अडली होती. पोरगी लाजरी. कळा येत होत्या आणि गल्लीत पुरुष बसलेत म्हणून ती तोंडात फडकं कोंबून निळी पडत चाललेली. तेव्हा शेजारणीने मोगरी घेतली आणि उगाचच दगडावर कुटायला लागली. तिचं बघून दुसरी, मग तिसरी. त्या गदारोळात सून पोटभर ओरडली आणि सुखरूप सुटली. त्या पहिल्या शेजारणीची मुलगी म्हणजे आताची सुईण, थोरलीच्या पलीकडच्या घरातली. ती सांगायची, "त्या दिवशी असं कुटलं, की डोंगराला तडा गेला. जाऊन बघा, अजून आहे." तडा होता खरा. तो आधी होता की नंतर पडला, हे डोंगराला विचारणार कोण?

तेव्हापासून वाडीची रीतच झाली. शेजारी कुणाच्या घरातून आवाज यायला लागला की मोगरी घ्यायची आणि त्याची अब्रू झाकायची. बाळंतिणीची झाली, मग रडारडीची, मग नवरा-बायकोच्या भांडणाची, मग हळूहळू जे काही होईल त्याची. नियम एकच. ज्याची भिंत लागून असेल त्याने पहिला टोला द्यायचा. त्याआधी बाकीच्यांनी हात लावायचा नाही. नाहीतर लोक म्हणतील, याला एवढ्या लांबून कसं ऐकू आलं?

धाकट्याच्या घराला भिंत लागून होती ती थोरलीची.

धाकटा मूळचा वाईट नव्हता. लोक तसं म्हणायचे आणि थोरलीही म्हणायची. बायको बाळंतपणाला माहेरी गेलेली, पानं कुजत नव्हती, दोर उतरत नव्हता. पण सुंभ जळला तरी पीळ जळत नाही, आणि धाकट्याचा पीळ सगळा त्या पोरीवर उतरायचा. कधी चाक हळू फिरलं म्हणून, कधी जास्त जोरात फिरलं म्हणून.

दुसऱ्या दिवशी वाडीत पाहणीवाली आली.

ती बसमधून उतरून फाट्यापासून चालत आली होती. पायातल्या बुटांनी टाच सोलली होती, खांद्यावरची पिशवी तिच्यापेक्षा जड वाटत होती. मुकादमाच्या छपराखाली तिला बसवलं आणि निम्मी वाडी भोवती जमली. मुकादम म्हणजे सगळ्या वाडीचा दोर गोळा करून व्यापाऱ्याकडे पोचवणारा माणूस. त्यामुळे वाडीच्या वतीने हसणं, रागावणं, उत्तर देणं ही सगळी कामं त्याच्याकडेच असत.

पाहणीवालीने सांगितलं, की लेकरांचे हाल होऊ नयेत म्हणून कोणतं गाव किती तयार आहे, हे ती बघत फिरते. प्रश्न विचारायचे, उत्तरं घ्यायची आणि गावाला दहापैकी गुण द्यायचे.

"गुण" म्हटल्यावर छपराखाली सगळे सावरून बसले. मागच्या वर्षी पलीकडच्या वस्तीला स्वच्छतेचे गुण जास्त पडले होते आणि तिथली माणसं अजून नाक वर करून चालत होती.

"समजा, एखाद्या घरात लेकराला मारहाण होतेय," ती म्हणाली. "तर मध्ये कोण पडेल?"

"सगळे!" मुकादम म्हणाला. "मध्ये पडायला आमच्याकडे रांग लागते, ताई."

"पण मारहाण म्हणजे नेमकं काय धरायचं?" सुईणीने विचारलं. "चापट धरायची का?"

"चापट कशाला धरतेस?" मुकादम म्हणाला. "चापट म्हणजे विचारपूस."

"आणि धपाटा?"

"आईचा असला तर माया. बापाचा असला तर शिस्त."

"आणि मास्तरांचा?"

"तो अभ्यास!"

छप्पर हसलं. पाहणीवालीही ओठांच्या कडेने हसली, पण तिचे डोळे हसायला आले नाहीत. हे सगळं तिने बऱ्याच छपरांखाली ऐकलं असावं.

"लेकरावर हात टाकणाऱ्याचा हात झडेल," मागून कुणीतरी ठामपणे म्हणालं. थोरलीने वळून पाहिलं. धाकटा होता. आणि गंमत म्हणा की काय म्हणा, तो खोटं बोलत नव्हता. त्याचा चेहरा साफ होता. असा कुणी माणूस असेल तर तो दुसऱ्या कुठल्या तरी गावात असेल, याची त्याला पुरी खात्री होती.

"बरं, शेजारच्या घरातून आवाज आला तर?" तिने विचारलं.

"आवाज?" मुकादम खराखुरा बुचकळ्यात पडला. "ताई, आमच्या वाडीत आवाज येतच नाही."

सगळ्यांनी माना डोलावल्या. आणि नेमकं त्याच वेळी गल्लीच्या टोकाच्या घरात एका आईने पाणी सांडलं म्हणून पोराला बडवलं. पोराने सूर काढला, शेजारच्या घरात मोगरी पडली, मग दुसरी, मग सगळी गल्ली दणदणायला लागली. छपराखाली बसलेल्यांच्या हातात मोगऱ्या नव्हत्या. पण हाताला लागलेली सवय मोगरी शोधत बसत नाही. सगळे तळहातांनी जमीन बडवायला लागले. पाहणीवालीला वाटलं, आपला सत्कार चाललाय. बिचारीने उठून हात जोडले.

थोरलीसुद्धा जमीन बडवत होती. तिच्या शेजारी भिंगरी डाव्या हाताने.

नंतर पाहणीवाली घरोघर फिरली. थोरलीच्या उंबऱ्यावर येऊन टेकली आणि न विचारताच बूट काढले. थोरलीने पाणी दिलं, टाचेला बांधायला फडकं दिलं.

"इथं वाख लागू देऊ नका, खाजेल."

"सगळं अंग खाजतंय तसंही," ती म्हणाली. पाणी प्यायली. "एवढी गावं फिरले. कुणालाच आठाच्या खाली गुण नाहीत. इतकी तयार माणसं असताना मला कशाला पाठवतात, कोण जाणे."

थोरलीने रिकामं भांडं उचललं.

"एक विचारू? शेजारी कुणी रडलं, तर तुम्हाला ऐकू येतं का?"

थोरलीने भिंतीकडे पाहिलं. ती भिंत म्हणजे चिखल आणि काटक्या. पलीकडच्या मुंगीला ठसका लागला तर अलीकडच्या मुंगीने पाणी न्यावं, इतकी पातळ. मधल्या एका भोकातून धाकट्याच्या घरातला उजेड थोरलीच्या चुलीवर पडत होता.

"भिंत जाड आहे," थोरली म्हणाली.

पाहणीवालीनेही भिंतीकडे पाहिलं. तो उजेडाचा ठिपका तिला दिसला असावा. पण तिने नुसतं लिहून घेतलं. बूट घालताना तिने ओठ आवळले. "मी दवाखान्यामागच्या खोलीत उतरलेय. दोन-चार दिवस आहे. काही आठवलं तर या."

ती गेल्यावर दादा म्हणाला, "काय विचारत होती?"

"भिंत."

"मग?"

"जाड सांगितली."

"बरं केलंस," तो म्हणाला. "त्याचं घर, तो बघेल." मग त्याने हात खाजवला, बराच वेळ.

त्यानंतरच्या दिवशी सुईणीचं आणि तिच्या मुलाचं वाजलं. नेहमीचंच होतं. मुलगा म्हणत होता, पानं उपसून दुसऱ्या तळ्यात नेऊ. सुईण म्हणत होती, आधी मला उपसून ने. तिची भिंतही थोरलीला लागून, दुसऱ्या बाजूची. पण थोरलीच्या हातात ओला वाख होता, तो पिळेपर्यंत तिला उशीर झाला. तेवढ्यात तिच्याच दगडावर पहिला टोला पडला.

भिंगरी होती. काकूची मोगरी तिच्या मानाने भारी, ती डाव्या हाताने कशीबशी उचलत होती. टोला वाकडा पडायचा, मोगरी घसरायची, ती परत उचलायची. जीभ दातांत धरलेली. उजवा हात पोटाशी लोंबत होता आणि प्रत्येक टोल्याला हिंदकळत होता. त्या हिंदकळण्याने तिचे डोळे बारीक व्हायचे. पण सुईणआजीची अब्रू झाकायची होती. चांगल्या घरच्या मुलीने झाकायचीच असते. तिने थोरलीकडे बघून मान डोलावली, म्हणजे, काकू, तू कर तुझं काम, मी बघते.

गल्ली दणदणायला लागली. थोरली ओला वाख हातात घेऊन उभी राहिली. पाणी तिच्या पायांवर ठिबकत होतं. तिला बसावंसं वाटलं, पण कुठे बसावं ते सुचेना.

आणि मग तो दिवस उजाडला. धाकटा आपली दोराची गुंडाळी घेऊन मुकादमाकडे गेला. मुकादमाने दोर दोन्ही हातांत धरून उलगडून पाहिला आणि सगळ्यांसमोर विचारलं, "हा दोर आहे का म्हाताऱ्याची दाढी?" लोक हसले. दादाही हसला, कारण न हसणं बरं दिसलं नसतं. "बैलाला बांधला तर बैल लाजेने उभा राहील, दोराने नाही," मुकादम म्हणाला आणि गुंडाळी परत टाकली. ती धाकट्याच्या पायाशी पडली. ती उचलायला त्याला वाकावं लागलं.

दुपार होती. ऊन असं, की सावल्याही आपापल्या माणसाखाली शिरून बसलेल्या. गल्लीत सगळे दगडांशी होते. धाकटा मान खाली घालून आला, चाकाशी बसलेल्या भिंगरीला नुसत्या नजरेने उठवलं आणि घरात नेलं. दार लागलं.

पहिला आवाज आला. ओल्या दोराचा आवाज वेगळाच असतो.

सगळ्या गल्लीने मोगऱ्या उचलल्या आणि थोरलीकडे न बघता बघितलं.

थोरलीची मोगरी दगडावर होती. तिचा हात मोगरीवर होता. एवढंच.

"कुट ना," दादा हळूच म्हणाला.

तिने मोगरी उचलली आणि त्याच्यापुढे धरली. "तुम्ही कुटा."

दादाने ती घेतली. तिच्याकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं. मग मोगरी जमिनीवर ठेवली आणि तिच्यावर बसला. आयुष्यात पहिल्यांदा तो मागे सरकला नाही.

मग वाडीने ते ऐकलं. इतकी वर्षं थोरलीला वाटायचं, आपल्याला सगळं ठाऊक आहे. पण कुटण्याखाली तिला कधी शब्द ऐकू आले नव्हते. आता आले. भिंगरी रडत नव्हती. ती भराभर, हिशेब दिल्यासारखं सांगत होती, "डाव्या हाताने फिरवते ना बाबा. जोरात फिरवते ना. फिरवते ना." आणि मधे मधे धाकट्याचा श्वास, ओझं वाहणाऱ्यासारखा.

गल्लीत सगळ्यांच्या मोगऱ्या वर. शांतता अशी, की एक कावळा येऊन मुकादमाच्या उचललेल्या मोगरीवर बसला, आणि मुकादमाला त्याला हाकलायचं सुचलं नाही.

आत आवाज थांबला. धाकट्यालाही काहीतरी चुकल्यासारखं वाटलं असावं. चालत्या माणसाला अचानक पायरी न लागावी तसं.

"वहिनी?" भिंतीपलीकडून तो म्हणाला. "वहिनी, घरात नाहीस का?"

"आहे."

"मग?"

"मग काय. चालू दे तुझं. ऐकतोय आम्ही."

मग दार उघडलं. धाकटा बाहेर आला. हातात ओला दोर. त्याने गल्ली पाहिली. दारादारांत बसलेली माणसं, वर राहिलेले हात. त्याने दोर पाठीमागे नेला, शाळेत पोरं लपवतात तसा. कुणालाच कुठे बघावं कळेना. सुईणीने एकटीने त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "अरे, तुला मी बाहेर काढलं रे. याच हातांनी." एवढंच बोलून तिने आपली मोगरी खाली ठेवली. एकेक करून सगळ्यांनी ठेवल्या. धाकटा पायरीवर बसला.

थोरली त्याच्या बाजूने आत गेली आणि भिंगरीला डाव्या हाताला धरून बाहेर घेऊन आली. कुणी वाट अडवली नाही. कुणी शाबासकीही दिली नाही. मुकादम पुटपुटला, "गावचे गुण गेले," आणि कावळा उडाला.

वाटेत भिंगरी म्हणाली, "काकू, बाबा जेवणार काय?"

"त्याला हात आहेत."

"तुझ्यावर रागावतील सगळे."

"रागावू देत. चाल."

दवाखाना फाट्यावर होता. थोरलीने आधी मागच्या खोलीचं दार वाजवलं. पाहणीवाली अनवाणीच बाहेर आली, टाचेला ते फडकं अजून बांधलेलं. तिने भिंगरीकडे पाहिलं, मग थोरलीकडे.

"ते भिंतीचं लिहिलंय ना तुम्ही," थोरली म्हणाली, "ते खोडा."

"काय लिहू?"

"पातळ आहे. सगळ्यांच्याच पातळ आहेत. आम्हाला सगळं ऐकू येतं." तिला दम लागला होता. "पहिला टोला मीच द्यायचे. तेही लिहा."

पाहणीवालीने कागद काढला नाही. "आज ही कुठे झोपेल?"

"माझ्याजवळ."

"आणि उद्या?"

थोरलीला एकदम फार थकल्यासारखं झालं. धाकट्याची बायको तान्हं घेऊन परत येईल. पानं तशीच ताठ राहतील. दादा बोलेल, किंवा बोलणार नाही. दोन घरांच्या मधे तीच भिंत. "उद्याही," ती म्हणाली.

"मी उद्या येते," पाहणीवाली म्हणाली. "एकटी नाही येणार. आणि या वेळी छपराखाली नाही बसणार."

डॉक्टरने हात चाचपला. खांद्याचा सांधा निखळला होता. इतके दिवस तसाच ठेवला म्हणून तो थोरलीला रागाने काही बोलला, आणि तिने ते ऐकून घेतलं. ओढून बसवावा लागेल, त्याने सांगितलं. औषध टोचलं, तरी दुखणार.

भिंगरीने बाकावर बसून दात आवळले. डोळ्यांनी खोली शोधली. टेबल, खिडकी, पाण्याचं भांडं. मग तिने थोरलीचा हात ओढला आणि कानाशी येऊन कुजबुजली.

"काकू, ठोक ना काहीतरी."

थोरलीला क्षणभर कळलंच नाही. कळलं तेव्हा तिने भिंगरीचा डावा हात घट्ट धरला.

"नाही ठोकणार," ती म्हणाली.

"अगं, बाहेर माणसं बसलीत. ऐकतील."

"ऐकू देत. तू ओरड. मी इथंच आहे, ऐकतेय."

भिंगरीने तिच्याकडे अविश्वासाने पाहिलं. मग डॉक्टरने हात ओढला.

ती आरोळी वाडीपर्यंत पोचली असं अजून सांगतात. दोन कोस. तळ्यातल्या बेडकांनी पाळी सोडून एकदम उड्या मारल्या, आणि डोंगराचा तडा बोटभर रुंदावला. ही थाप असेल. पण त्या संध्याकाळी वाडीत एकाही दगडावर मोगरी पडली नाही, आणि लोक दारात बसून काहीतरी ऐकू येतंय का ते बघत होते, एवढं मात्र खरं.